बर्फाची वाट

युरोप खंडाच्या वायव्येस, उत्तर समुद्राच्या काठी नेदरलँड्स नावाचा एक चिमुकला देश आहे. हॉलंड या नावानेही तो ओळखला जातो. या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीहून खाली आहे. तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांध घातले, पाणी उपसले आणि आपली भूमी समुद्राच्या तावडीतून सोडवून घेतली. या देशाच्या उत्तर भागात फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. तेथील लोकांची भाषा निराळी आणि चालीरीतीही काहीशा निराळ्या. प्रांतभर सरोवरे, नद्या आणि कालवे यांचे जाळे पसरलेले आहे. जिकडे दृष्टी टाकावी तिकडे पाणीच पाणी!

पूर्वी या प्रांतात हिवाळा मोठा कडक पडत असे. कालव्यांतील पाणी गोठून दगडासारखे टणक होई आणि होड्या जागच्या जागी अडकून पडत. परंतु त्यामुळे लोकांचे दळणवळण थांबत नसे. उलट ते अधिक वेगाने चाले. पादत्राणांच्या तळाशी पाती बांधून लोक बर्फावरून सरसर घसरत जात. आरंभी ही पाती जनावरांच्या हाडांची असत, पुढे ती लोखंडाची झाली. अशा पात्यांनाच स्केट म्हणतात. बाजाराला जाणे असो, प्रार्थनामंदिरात जाणे असो की आप्तांच्या भेटीस जाणे असो, हिवाळ्यात गोठलेला कालवा हाच त्यांचा राजमार्ग असे. लहान मुले एखादी खुर्ची पुढे ढकलीत बर्फावर तोल सावरण्याचा पहिला धडा गिरवीत. हा धडा तेथील मुले आजही अशाच रीतीने गिरवितात.

फ्रीसलंडमध्ये मध्ययुगापासून नगराचा दर्जा लाभलेली अकरा गावे आहेत: लेवार्डन, स्नेक, आइल्स्ट, स्लोटन, स्टाव्होरन, हिंडेलोपन, वर्कुम, बोल्सवर्ड, हार्लिंगन, फ्रानेकर आणि डोकुम. यांतील लेवार्डन हे प्रांताचे मुख्य ठिकाण होय; उलट स्लोटन हे इतके लहान आहे की, आपल्याकडे त्याला खेडेच म्हणतील. ही अकराही नगरे कालव्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. तेव्हा एकाच दिवसात बर्फावरून या सर्व नगरांना भेट देऊन परत यावे, अशी ईर्ष्या धाडसी तरुणांच्या मनात उत्पन्न झाली, यात नवल ते कोणते? अठराव्या शतकापासून असे प्रवास होत असत. १८९० च्या डिसेंबर महिन्यात पिम म्युलिए नावाच्या एका क्रीडाप्रेमी गृहस्थाने हा प्रवास एका दिवसात पुरा केला. पुढे अशा एकट्यादुकट्या प्रवासाला शर्यतीचे रूप आले. २ जानेवारी १९०९ रोजी पहिली रीतसर शर्यत झाली. मिने हुक्स्ट्रा हा १३ तास ५० मिनिटांत परत येऊन पहिला ठरला. त्याच महिन्यात मिंडर्ट हेपकेमा या वकिलाच्या पुढाकाराने ‘फ्रीसलंडची अकरा नगरे’ या नावाची संस्था स्थापन झाली. शर्यतीची सारी व्यवस्था तेव्हापासून हीच संस्था पाहते. डच भाषेत शर्यतीचे नाव आहे ‘एल्फस्टेडनटोख्त’. म्हणजे ‘अकरा नगरांची यात्रा’.

ही यात्रा सोपी नाही. तिचा मार्ग जवळजवळ २०० किलोमीटरांचा आहे. पहाटेच्या अंधारात लेवार्डनहून निघावयाचे, दहा नगरे करून मध्यरात्रीच्या आत लेवार्डनला परत यावयाचे. प्रत्येकाजवळ एक पत्रिका असते. प्रत्येक नगरात तिच्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. वाटेत कोठे कोठे गुप्त चौक्याही असतात. कारण कोणी आडमार्गाने जाऊन अंतर चुकवू नये. सर्व शिक्के घेऊन जो वेळेत परत येतो, त्याला क्रूसाच्या आकाराचे एक लहानसे पदक मिळते. हे पदक काही सोन्याचे नसते. परंतु ज्या घरात ते असते, त्या घरात ते मोठ्या अभिमानाने जपून ठेवतात. यिके गास्ट्रा या स्त्रीने १९१२ साली ही यात्रा पुरी केली. पुढे चालून ज्या स्त्रियांनी बर्फावर पाऊल टाकले, त्यांची ती अग्रणी होय.

वेगाने धावणाऱ्यांची शर्यत आणि पदकासाठी जाणाऱ्या हजारो सामान्य जनांची यात्रा अशी या उत्सवाची दोन अंगे आहेत. त्या दिवशी सारा प्रांत कालव्यांच्या काठी लोटतो. पुलांखालचे पाणी लवकर गोठत नाही, म्हणून अशा कच्च्या जागी काठावर सतरंज्या अंथरलेल्या असतात. स्पर्धक पायांतील पाती न काढताच त्यांवरून दुडुदुडु धावत पुढच्या बर्फावर उतरतात. दमलेल्यांना गावकरी वाटाण्याचे दाट, कढत सार देतात. कोणी वाद्ये वाजवून त्यांना हुरूप देतात, तर कोणी केवळ नावाने हाका मारून! ओळखीचा कोण आणि अनोळखी कोण, हा भेद त्या दिवशी उरत नाही.

या शर्यतीच्या अनेक कथा तेथील घराघरांत सांगितल्या जातात. १९४० साली आघाडीवर असलेल्या पाच जणांनी शेवटच्या डोकुम नगरात आपसात ठरविले की, आता एकमेकांना मागे टाकावयाचे नाही, पाचही जणांनी एकत्रच शेवटची रेषा ओलांडावयाची. अखेर पहिला क्रमांक पाचांत वाटला गेला. लोकांना हा बंधुभाव आवडला. परंतु शर्यत ती शर्यत, असे मानणाऱ्या चालकांना तो रुचला नाही. त्यांनी अशा करारांना बंदी केली. १९५६ साली पुन्हा पाच जण असेच एकत्र आले. तेव्हा मात्र चालकांनी कोणालाच विजयी ठरविले नाही. मैत्री मोठी की नियम मोठा, यावर तेथे पुष्कळ वाद झाला.

सर्वांत रोमहर्षक कथा आहे ती १८ जानेवारी १९६३ ची. त्या पहाटे उष्णतामान शून्याखाली १८ अंशांवर उतरले होते. झोंबरे वारे सुटले होते. वाऱ्याने उडालेल्या हिमाचे ढीग वाटेवर साचून बर्फातील भेगा झाकून गेल्या होत्या. स्पर्धक पडत, उठत आणि पुन्हा चालू लागत. रेनिएर पापिंग हा जवळजवळ अर्धी वाट एकटाच पुढे होता. हिमाच्या झगझगाटाने त्याच्या डोळ्यांना नीट दिसेनासे झाले होते. तरी १० तास ५९ मिनिटांनी तो विजयी होऊन आला. त्या दिवशी पदकासाठी निघालेल्या नऊ हजारांहून अधिक जणांपैकी अवघे ६९ जण वेळेत परत येऊ शकले! बाकीच्यांना अर्ध्या वाटेवरूनच माघार घ्यावी लागली.

त्यानंतर २२ वर्षे शर्यत झाली नाही. थंडी पडे, पण पुरेशी पडत नसे. आता ही यात्रा केवळ आजोबांच्या गोष्टींतच उरणार, असे पुष्कळांना वाटू लागले. परंतु १९८५ च्या फेब्रुवारीत बर्फ धरला आणि एव्हर्ट फान बेन्थेम नावाचा एक शेतकरी पहिला आला. पुढच्याच वर्षी पुन्हा शर्यत झाली आणि पुन्हा तोच जिंकला. १९८६ च्या त्या यात्रेत नाव बदलून सामील झालेला अठरा वर्षांचा एक तरुण होता. शेवटच्या रेषेवर खुद्द राणी बिआट्रिक्स त्याला भेटावयास आल्या, तेव्हा तो राजपुत्र विलेम-अलेक्झांडर असल्याचे सर्वांस कळले. हाच राजपुत्र २०१३ साली नेदरलँड्सचा राजा झाला. ४ जानेवारी १९९७ रोजी पंधरावी शर्यत झाली. तीत हेंक आंगेनेंट या शेतकऱ्याने ६ तास ४९ मिनिटांत अंतर तोडले.

त्यानंतर मात्र शर्यत झालेली नाही. १९०९ ते १९९७ या ८९ हिवाळ्यांत पंधरा शर्यती झाल्या आणि १९९७ नंतर एकही नाही! याचे कारण पाण्यातच आहे. हजारो स्पर्धक आणि प्रेक्षक यांचा भार पेलावयाचा, तर संपूर्ण मार्गावर निदान १५ सेंटीमीटर जाडीचा बर्फ हवा. एवढा बर्फ धरण्यास अनेक दिवस सतत कडाक्याची थंडी लागते. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत जे वायू मिसळतात, त्यांमुळे साऱ्या पृथ्वीचे उष्णतामान वाढत आहे. नेदरलँड्सचे सरासरी उष्णतामान विसाव्या शतकाच्या आरंभापासून दोन अंशांहून अधिक वाढले आहे. दोन अंश ही वाढ ऐकताना क्षुल्लक वाटते. परंतु पाणी गोठणे आणि न गोठणे यांतील अंतरही असेच थोडके असते.

२०१२ च्या फेब्रुवारीत एकदा आशा पालवली. थंडीची मोठी लाट आली आणि कालवे गोठू लागले. सारा देश बर्फाकडे डोळे लावून बसला. गावोगावचे स्वयंसेवक खराटे आणि फावडी घेऊन बाहेर पडले. कारण बर्फावर हिमाचा थर राहिला, तर तो पांघरुणासारखा काम करतो आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. संस्थेने मार्गाचे २२ विभाग केलेले आहेत. प्रत्येक विभागाचा प्रमुख आपल्या वाट्याच्या बर्फाला भोके पाडून त्याची जाडी मोजत होता. लोक रात्रंदिवस वार्ता ऐकत होते. शर्यत होणार असे जाहीर करावयाचे झाल्यास संस्थेचा अध्यक्ष तीन फ्रिसियन शब्द उच्चारतो, “इट गिएट ओन!” याचा अर्थ, ‘यात्रा निघणार!’ हे शब्द ऐकण्यासाठी लाखो कान आतुर झाले होते.

८ फेब्रुवारीच्या सायंकाळी निर्णय आला तो नकाराचा. प्रांताच्या दक्षिण भागात काही ठिकाणी बर्फ पुरेसा जाड नव्हता. पंधरा वर्षांची प्रतीक्षा, लोकांचा आग्रह, देशभर उसळलेला उत्साह हे सारे एका पारड्यात होते आणि काही सेंटीमीटर कमी पडलेला बर्फ दुसऱ्या पारड्यात. चालकांनी बर्फाचेच ऐकले. लोक हिरमुसले, परंतु माणसांचे प्राण धोक्यात घालून परंपरा जपता येत नाही, हे त्यांनाही पटले.

मग प्रश्न असा पडतो की, जी परंपरा हवेच्या लहरीवर अवलंबून आहे, ती जतन तरी कशी करावी? जुना किल्ला ढासळू लागला, तर त्याची डागडुजी करता येते. पुरातन मूर्ती संग्रहालयात ठेवता येते. परंतु शर्यत ही वस्तू नव्हे. ती माणसांच्या अंगी असलेल्या कौशल्यात, त्यांच्या आठवणींत आणि त्यांच्या एकत्र येण्यात असते. अशा वारशाला अमूर्त वारसा म्हणतात. सण, खेळ, गाणी, कारागिरी ही सारी याच वर्गात मोडतात. अशा वारशाच्या रक्षणासाठी युनेस्को या जागतिक संस्थेने २००३ साली एक करार केला आणि २०१२ साली नेदरलँड्सनेही तो स्वीकारला. परंपरा पेटीत बंद करून ठेवणे म्हणजे तिचे रक्षण नव्हे. तिचे ज्ञान एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती देणे म्हणजे रक्षण, हे त्या कराराचे सार होय. त्या देशातील पवनचक्क्यांचे उदाहरण यासाठी घेता येईल. चक्कीची इमारत उभी असली, तरी वारा ओळखून तिची पाती फिरविणारा चक्कीवाला नसेल, तर ती मुकी होय. म्हणून २०१७ साली युनेस्कोच्या यादीत नेदरलँड्सचा जो पहिला अमूर्त वारसा नोंदला गेला, तो चक्की चालविण्याच्या कसबाचा होता.

हाच विचार बर्फावरील यात्रेलाही लागू पडतो. काही जणांनी यावर एक उपाय काढला. ऑस्ट्रिया देशातील डोंगरांत वाइसनझे नावाचे एक सरोवर आहे. ते हिवाळ्यात चांगले गोठते. १९८९ पासून हजारो डच लोक तेथे जातात आणि सरोवरावर फेऱ्या घालून २०० किलोमीटरांचे अंतर पुरे करतात. अंतर तेवढेच, बर्फही उत्तम! त्यामुळे दीर्घ पल्ल्याचे कौशल्य नव्या पिढीत टिकून राहते, हा लाभ खराच. तथापि तेथे अकरा नगरे नाहीत, ओळखीचे पूल नाहीत आणि नावाने हाका मारणारे गावकरीही नाहीत. म्हणून त्या शर्यतीला तेथील लोक ‘पर्यायी यात्रा’ म्हणतात. तिने मूळ यात्रेची जागा घेतली, असे कोणी मानीत नाही.

मूळ यात्रेचे रक्षण फ्रीसलंडमध्येच चालू आहे. थंडीची चाहूल लागताच बर्फाची पाहणी होते. कोणत्या पुलाखाली पाणी वाहते राहते, कोठे वारा बर्फ धरू देत नाही, हे जाणते लोक नवख्यांना दाखवितात. बर्फ शांतपणे धरावा म्हणून पाणी उपसणारे पंप केव्हा थांबवावेत आणि होड्यांना केव्हा बंदी करावी, हे अनुभवानेच कळते. एखाद्या ठिकाणी भगदाड राहिलेच, तर दुसरीकडून बर्फाचे तुकडे कापून आणून तेथे बसवितात. १९९७ साली असा ‘बर्फाचा जोड’ देण्यात आला होता. हे ज्ञान केवळ पुस्तकात लिहून ठेवून भागत नाही. हातांना त्याची सवय असावी लागते.

हिंडेलोपन येथे स्केटिंगचे एक संग्रहालय आहे. लेवार्डनजवळच्या एका पुलावर यात्रा पुरी केलेल्यांची छायाचित्रे असलेल्या फरश्या बसविलेल्या असून, त्यांतून स्केटपटूंचे मोठे चित्र साकारले आहे. शिवाय बर्फ नसला, तरी वाट मोकळी राहात नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी हजारो लोक बोल्सवर्डहून सायकलींवर निघून अकराही नगरांना भेट देतात. कोणी ही वाट पायी चालतात, कोणी होडीतून जातात. मार्टेन फान डर वायडेन या जलतरणपटूने तर ती पोहून जाण्याचा निश्चय केला. तरुणपणी रक्ताच्या कर्करोगातून तो वाचला होता आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले होते. कर्करोगावरील संशोधनास पैसा जमावा म्हणून २०१८ साली तो पाण्यात उतरला. परंतु १६३ किलोमीटरांनंतर त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला आणि तीन दिवसांहून अधिक काळ झगडून त्याने लेवार्डन गाठले. तेव्हा बर्फाच्या यात्रेप्रमाणेच कालव्यांचे काठ माणसांनी फुलून गेले होते.

पाणी गोठविणे माणसाच्या हाती नाही. परंतु पृथ्वीचे उष्णतामान आणखी वाढू न देणे काही अंशी त्याच्या हाती आहे, आणि पाणी गोठेल त्या दिवशी सज्ज असणे तर सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. म्हणून फ्रीसलंडमधील विभागप्रमुख आजही थंडी पडू लागली की आपापल्या कालव्याकाठी जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात मोजपट्टी घालून पाहतात. कधी ती तीन सेंटीमीटर दाखविते, कधी पाच. ते आकडा टिपून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावयास येतात.

शब्दार्थ

सखल – खोलगट, उंच नसलेला
दळणवळण – जाणेयेणे, वाहतूक
ईर्ष्या – चढाओढीची तीव्र इच्छा
अग्रणी – सर्वांच्या पुढे असणारी व्यक्ती
रोमहर्षक – अंगावर काटा उभा करणारे
अमूर्त – ज्याला आकार नाही असे, डोळ्यांना वस्तुरूपाने न दिसणारे
कसब – अंगी असलेले कौशल्य
पर्यायी – एकाच्या ऐवजी घेता येईल असे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अकरा नगरांची यात्रा कोणत्या प्रांतात निघते?
(आ) पहिली रीतसर शर्यत केव्हा झाली?
(इ) शर्यतीसाठी बर्फाची जाडी निदान किती असावी लागते?

२. कारणे सांगा.
(अ) वाटेत गुप्त चौक्या ठेवलेल्या असतात.
(आ) १९५६ साली कोणालाच विजयी ठरविले नाही.
(इ) २०१२ साली स्वयंसेवकांनी बर्फावरचे हिम झाडून काढले.
(ई) वाइसनझे येथील शर्यतीला ‘पर्यायी यात्रा’ म्हणतात.

३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९६३ च्या शर्यतीचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
(आ) किल्ल्याचे रक्षण आणि शर्यतीचे रक्षण यांत कोणता भेद आहे?
(इ) २०१२ साली चालकांनी दिलेला नकार योग्य होता काय? सकारण लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
तावडीतून सोडविणे, डोळे लावून बसणे, धडा गिरविणे, माघार घेणे.

५. पाठातील दोन जोडवाक्ये शोधा व त्यांतील उभयान्वयी अव्यये अधोरेखित करा.

६. तुमच्या गावातील एखादा खेळ, जत्रा किंवा कारागिरी पूर्वी होती तशी आज चालते काय? घरातील वडील माणसांना विचारून त्याविषयी दहा ओळी लिहा.